भोंगा वडगावचा, निर्णय कंपनीचा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलांनी पुस्तक उघडायचे, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा, आणि मग मोकळीक. टाळेबंदीत शाळाच मोबाइलमध्ये शिरली होती. शाळा इमारतीत परतली तरी मोबाइल मुलांच्या हातातून परतला नाही, हे त्यामागचे कारण. ठराव गावातल्या बायामाणसांनी केला आणि त्याचा अंमल आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर फिरून केला.

या दीड तासाचे देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी कौतुक केले आणि ते योग्यच होते. परंतु त्या कौतुकाचा सूर कान देऊन ऐकण्याजोगा होता. गावाची इच्छाशक्ती, पालकांचे भान, घरातले संस्कार, असे सारे काही त्यात होते. नव्हती ती फक्त ज्यांच्यामुळे भोंगा वाजवण्याची पाळी आली त्यांची नावे. जणू मुलांच्या हातातले खेळ पावसाबरोबर आकाशातून पडले! वडगावने दीड तासाचा निर्णय केला. उरलेल्या साडेबावीस तासांचा निर्णय कोण करतो, कोठे बसून करतो आणि कशाच्या हिशेबाने करतो, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

तो विचारण्याचा अधिकार या मुलखाला विशेष आहे. सांगली जिल्हा वेगळा झालेला नव्हता, सातारा एकच होता, त्या १९४३ ते १९४६ च्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने येथेच सावकारी आणि दारू यांचा निवाडा लोकांच्या न्यायमंडळापुढे आणला. त्या लढ्याचे केंद्र असलेले कुंडल शेजारच्याच पलूस तालुक्यात आहे. प्रतिसरकारने कर्जदाराला काटकसरीचे धडे देत बसण्यापेक्षा सावकाराच्या दप्तराला हात घातला. मोबाइलवरील खेळांच्या बाबतीत मात्र गेली काही वर्षे सारा उपदेश कर्जदाराला चालू आहे आणि सावकाराचे दप्तर बंदच आहे.

ते दप्तर उघडून पाहिले तर काय दिसते?

२०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर ते पोचले. त्या वस्त्यांवरचा फोन साधा, कमी क्षमतेचा. ‘पबजी’सारखा शंभर खेळाडूंचा, अर्धा तास चालणारा खेळ त्यावर अडखळत असे. सिंगापूरच्या सी लिमिटेड या कंपनीच्या ‘गरेना’ शाखेने २०१७ साली ‘फ्री फायर’ आणला तो नेमका या अडचणीवर तोडगा म्हणून. खेळाडू पन्नास, डाव दहा मिनिटांचा, चित्रे हलकी, साध्या फोनवर चालणारा. याला कारागिरी म्हणावे की व्यापार? दोन्ही. रणांगण केवढे असावे, डाव किती वेळात संपावा, शत्रू किती असावेत या वरवर कलेच्या वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे बाजाराने दिली होती. ब्राझील, इंडोनेशिया आणि भारत येथील गरिबाच्या फोनपर्यंत पोचायचे हे आधी ठरले. खेळाचा आकार मागाहून त्याला शोभेसा कापला गेला. दहा मिनिटांचा डाव म्हणजे दोन तासिकांमधल्या सुट्टीत बसणारा डाव, हे वेगळे सांगायला नको.

खेळ फुकट आहे, असे कंपनी सांगते. उत्पन्न येते ते आतल्या दुकानातून. तेथे रुपयाने काही मिळत नाही. आधी रुपयाचे ‘डायमंड’ करून घ्यावे लागतात आणि त्या डायमंडने पोशाख, बंदुकीचा नवा रंग, नाचाची एखादी लकब विकत घ्यावी लागते. हे मधले नाणे कशासाठी? दीडशे रुपये गेले तर बापाच्या मजुरीचा हिशेब मुलाच्याही डोळ्यांपुढे येतो. डायमंड गेले तर येत नाही. जत्रेतल्या पाळण्यावर चढणाऱ्या पोराला आपल्या मुठीतले पैसे दिसत असतात. येथे मूठच काढून घेतली आहे.

अशा खेळांच्या व्यवसायात खेळ बाजारात आल्यावर खरी निर्मिती सुरू होते. पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी किती दुसऱ्या दिवशी परतले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती, हे आकडे रोज मांडले जातात. बक्षिसाची पेटी पाचव्या मिनिटाला द्यावी की आठव्या, यासाठी खेळाडूंचे नकळत दोन गट पाडले जातात. ज्या गटाने जास्त वेळ आणि जास्त पैसा दिला त्याची पेटी सर्वांच्या वाट्याला येते. रोज हजेरी लावली नाही तर साठलेले बक्षीस बुडते. ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ असा पुकारा असतो. या साऱ्याला लेखक नाही, दिग्दर्शक नाही. असलाच तर त्याच्या डोक्यावर आकड्यांचा तक्ता टांगलेला आहे. एखाद्या कलाकाराने म्हटले की येथे डाव संपावा, मुलाने उठून जावे, तर तक्ता म्हणतो की येथे तो उठतो, म्हणून येथेच त्याला काहीतरी द्या.

सातारा-सांगलीच्या ऊस उत्पादकाला ही गोष्ट विस्ताराने समजावून सांगण्याची गरज नाही. काटा कारखान्याचा, नोंदवही कारखान्याची आणि उतारा कारखान्याने सांगायचा, या व्यवस्थेविरुद्ध त्याने अनेक हंगाम झगडण्यात घालवले आहेत. खेळाच्या कंपनीचा काटा यापुढचा आहे. तो मुलाचे लक्ष तोलतो आणि वजन कोणालाच दाखवत नाही.

पैसा नक्की कोण देतो, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत एपिक कंपनीने ॲपलविरुद्ध चालवलेल्या खटल्यात सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने निष्कर्ष नोंदवला की ॲपलच्या ॲप दुकानातील सुमारे सत्तर टक्के उत्पन्न खेळांतून येते आणि ते देणारे ग्राहक एकूण ग्राहकांच्या दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. म्हणजे बहुसंख्यांना फुकट खेळवायचे ते गर्दीसाठी, आणि त्या गर्दीतून थोड्यांना शोधून त्यांच्याकडून वसूल करायचे. ते थोडे कोण? ज्यांना थांबता येत नाही ते त्यांत असणारच. एखाद्या धंद्याचा नफा ग्राहकाच्या थांबता न येण्यावर उभा असेल, तर त्याच धंद्याने ‘जबाबदारीने खेळा’ अशी पाटी लावावी यापरते ढोंग कोणते?

या खटल्यातली फिर्यादी एपिक कंपनी स्वतःही धुतल्या तांदळासारखी नाही. ‘फोर्टनाइट’ हा तिचा खेळ. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्याकडून बावन्न कोटी डॉलरची तडजोड मान्य करून घेतली. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत द्यायचे होते, कारण खेळातील बटणांची रचनाच अशी होती की चुकून एक बटण दाबले तरी खरेदी होऊन जाई आणि मुलांनी केलेल्या खरेदीला आईबापांची संमती विचारली जात नसे. उरलेले साडेसत्तावीस कोटी मुलांची माहिती गोळा केल्याबद्दलचा दंड. आयोगाच्या म्हणण्यानुसार दहा लाखांहून अधिक तक्रारी आल्या होत्या आणि खुद्द कंपनीतल्या कामगारांनी हे चूक आहे असे पुन्हा पुन्हा सांगितले होते. कंपनीने त्यांचे ऐकले नाही. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. बटण कोठे ठेवावे हे ज्यांना कळत होते त्यांनी सांगितले; ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांना ते नको होते.

येथे कोणी आक्षेप घेईल की कलेत व्यापार काही आज आला नाही. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर सांगलीतच सापडते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभे केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली ते वारले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव जावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले. राजाची मर्जी गेली, तिकीटबारीची आली. मिरजेजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा फडही तिकिटावरच चालला. ‘जहरी प्याला’ लोकांना आवडला म्हणून तो रात्रीमागून रात्री झाला. पण तमाशाच्या फडात प्रेक्षक समोर असतो. तो हसला नाही तर सोंगाड्याला तेथल्या तेथे कळते, आणि पहाटे वग संपला की तो घरी जातो. त्याला घरी जाऊ न देण्यातच आपला नफा आहे, असा हिशेब कोणत्याही फडमालकाने मांडला नव्हता. फडमालक सद्‌गुणी होते म्हणून असे घडले, असे मानण्याचे कारण नाही (उचलीच्या पायी कलावंतांचे जे हाल झाले ते सर्वांस ठाऊक आहेत). पहाट रोखून धरणे त्यांच्या हाती नव्हते, एवढेच.

आणि या मुलखाने तिकीटबारीपलीकडचा मार्गही दाखवला आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा तमाशाचा साचा त्यांनी घेतला आणि त्यातला मालक काढून टाकला. करमणूक त्यामुळे कमी झाली नाही. गिरणगावातली गर्दी त्याची साक्ष आहे.

आता निर्मात्यांकडे वळावे. हे खेळ परदेशी आहेत, सबब येथल्या कामगार चळवळीशी त्यांचा संबंध नाही, असा समज पक्षातही आढळतो. तो चुकीचा आहे. साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर पुण्यात हा उद्योग भरभराटीला आला आहे, आणि कराड-सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले कामासाठी पुण्याचाच रस्ता धरतात. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ साली गेमलॉफ्टचे पुण्यातील कार्यालय ताब्यात घेतले, २०१८ साली मुंबईत दुसरे उघडले. वर्षानुवर्षे येथे दुसऱ्यांच्या खेळांची जुळवाजुळव आणि तपासणी चाले. मग सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे-मुंबईत तयार होत असल्याचे जाहीर झाले. चित्रे जुनाट दिसतात म्हणून जगभर टिंगल झाली. खेळ जानेवारी २०२१ मध्ये यायचा होता. तो मार्चवर गेला, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम काढून कॅनडातील माँट्रियलकडे देण्यात आले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने आपली फेरमांडणी करताना तो खेळच रद्द केला.

टिंगल कोणाची झाली? पुण्याच्या कारागिरांची. पण कामाला किती पैसा द्यायचा, किती महिन्यांत उरकायचे आणि अर्धवट अवस्थेत जगापुढे केव्हा मांडायचे, हे अशा कंपनीत कारागीर ठरवत नाही. ते मुख्य कार्यालयात ठरते. निर्णय पॅरिसचा, नामुष्की पुण्याची. गिरणीतले धोटे वाकडे निघाले की मालक जॉबरला दम देई आणि जॉबर विणकराला, त्यातलीच ही रीत.

पुण्यातच ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या चमूने ‘राजी’ हा खेळ स्वतःच्या कल्पनेने रचला. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये खेळ बाजारात आला आणि वाखाणला गेला. कल्पनेचा दुष्काळ येथे नाही, हे त्यावरून सिद्ध होते. दुष्काळ आहे तो निर्णयाच्या अधिकाराचा.

मोठ्या भांडवलाच्या राज्यात यश मिळाल्यानेही तो अधिकार येत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे एकोणसत्तर अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड गिळंकृत केली. तीन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, खेळ विभागातले १,९०० कामगार घरी बसवले. आणि मे महिन्यात टोकियोतील टँगो गेमवर्क्स बंद करण्याची घोषणा केली. या टँगोच्या ‘हाय-फाय रश’ला २०२३ साली स्तुती मिळाली होती, पारितोषिकेही मिळाली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तो चमू आणि तो खेळ दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने घेतला, आणि भारतातील ‘पबजी’चा नवा अवतार चालवणारी हीच ती क्राफ्टन. टोकियोचा चित्रकार आणि खटावचा शाळकरी मुलगा एकाच खातेवहीच्या दोन रकान्यांत बसतात ते असे. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी पंचावन्न अब्ज डॉलरना विकत घेण्याचा सौदा जाहीर झाला. घेणाऱ्यांत सौदी राजसत्तेचा निधी, आणि सौद्यासाठी वीस अब्ज डॉलरचे कर्ज. ते कर्ज कोण फेडणार? जे खेळ करतात त्यांच्या नोकऱ्या आणि जे खेळतात त्यांचे खिसे. तिसरी जागा नाही.

सरकारांचे वर्तन पाहावे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने ‘पबजी’वर बंदी घातली ती देशाच्या सुरक्षिततेच्या नावाने; मुलांचे नाव त्यात नव्हते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वर बंदी आली, ‘फ्री फायर मॅक्स’ हे त्याचेच भावंड दुकानात राहिले. पैसे लावून खेळायच्या खेळांवर ऑक्टोबर २०२३ पासून अठ्ठावीस टक्के कर घेऊन सरकार आधी त्या जुगाराचे वाटेकरी झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून त्याच खेळांवर बंदी घातली. बंदी स्वागतार्ह आहे. वर्षाला पंचेचाळीस कोटी लोक वीस हजार कोटी रुपये गमावतात, हा अंदाज सरकारचाच होता. पण कायद्याची कसोटी पैसे जिंकण्याची आशा ही आहे. जेथे काहीच जिंकायचे नसते, नुसते घालवायचे असते, तो डायमंडचा धंदा या कसोटीतून बाहेर राहतो.

महाराष्ट्र सरकारची तऱ्हा याहून रंजक. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. महिनाअखेर त्यांच्याकडचे कृषिखाते काढून त्यांना क्रीडाखाते देण्यात आले! विनोद शासनाने स्वतःच केल्यावर इतरांनी त्यात भर घालू नये.

गंभीर गोष्ट पुढची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. दोन लाख रोजगारांचे आश्वासन दिले. त्याच महिन्याच्या आरंभी याच मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांचा आणि कारखान्यांतील नऊवरून बारा तासांचा करण्यास मान्यता दिली होती. पैसा जनतेचा, सवलत मालकाला, वाढीव तास कामगाराला. आणि या पैशातून कसले खेळ होणार, ते मुलांशी कसे वागणार, याबद्दल लोकांना विचारण्याची गरज कोणास वाटली नाही.

कंपन्या ऐकत नाहीत असे मुळीच नाही. सक्ती झाली की त्या ऐकतात. बेल्जियमने २०१८ साली नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवले, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी तेथे पेट्या काढून टाकल्या आणि खेळ चालूच राहिले. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्यांच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली आणि कंपन्यांनी ती व्यवस्था बसवली. चीनची रीत जशीच्या तशी उचलावी असे नव्हे. तेथेही निर्णय वरूनच आला. मात्र तांत्रिकदृष्ट्या काही करता येत नाही, ही मखलाशी त्यातून उघडी पडते. वडगावच्या सरपंचाला भोंगा बसवावा लागतो तो कंपनीला आपला भोंगा बसवायचा नाही म्हणून.

राहिला प्रश्न पक्षाचा. पोरे मोबाइलवर वाया चालली, असे म्हणून कपाळाला हात लावणारे कार्यकर्ते जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांचा राग मुलांवर आहे. तो वाया जाणारा राग आहे. खेळणे हा मुलांचा हक्क आहे आणि पडद्यावरचा खेळ ही विटीदांडूइतकीच खरी करमणूक आहे. त्या मुलांना आणि पुण्यात रात्री उशिरापर्यंत त्याच खेळांची तपासणी करणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावंडांना एका बाजूला उभे करणे हे काम आहे. अमेरिकेत २०२२ साली रेव्हन सॉफ्टवेअरच्या तपासनीस कामगारांनी संघटना बांधली. फ्रान्समध्ये युबिसॉफ्टचे कामगार २०२४ मध्ये दोनदा संपावर गेले. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या दारापाशी अद्याप लाल निशाण पोचलेले नाही.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा भरतात. वडगावचा ठराव दोन्ही जिल्ह्यांतील गावांनी जरूर उचलावा आणि त्याला जोडून दुसरा ठराव मुंबईला धाडावा. जनतेच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या कोणत्याही खेळात मधले नाणे असू नये, नशिबाची पेटी असू नये, अल्पवयीनाकडून वसुली होऊ नये. खेळाडूंवर केलेल्या प्रयोगांचे कागद खुले असावेत. आणि सवलत घेणाऱ्या कंपनीत कामगारांच्या संघटनेला मान्यता असावी, खेळ बाजारात कोणत्या रूपाने जातो यात तिचा शब्द चालावा. ठरावाची एक प्रत पुण्याच्या कामगारांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी जिल्हा समितीने घ्यावी. गावातून गेलेल्या मुलांचे पत्ते त्यांच्या आईबापांकडे आहेतच.